नोंदींवरून ‘आज’ कसा काढायचा? सातबारा, फेरफार आणि संगणकाची रोजकीर्द

(धामणगाव बढे, ता. मोताळा, जि. बुलडाणा येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय फलकावर वाचून काही जण बिचकले असतील. ‘डेटाबेसच्या जर्नलमधल्या नोंदींवरून एखाद्या गोष्टीची सध्याची स्थिती कशी ठरवावी?’ हा प्रश्न संगणकवाल्यांचा, आणि आम्ही तर जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. मग यात आम्ही का पडलो? एक कारण असं, की हा प्रश्न मुळात ज्ञानाचा आहे. जे आत्ता आहे, ते आहे हे आपल्याला कशावरून कळतं? दुसरं कारण असं, की या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं उदाहरण इथल्या घराघरात पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवलेलं आहे. त्याचं नाव सातबारा.

सगळ्या बोलण्याचा गाभा आधीच सांगून ठेवतो. ‘आजची स्थिती’ हा नोंदींवरून काढलेला निष्कर्ष असतो. त्या निष्कर्षाचा एक पाय लिहिलेल्या नोंदींवर असतो आणि दुसरा न लिहिलेल्या नोंदींवर. हा दुसरा पाय आपण सहसा पाहत नाही. आणि घात होतो तो तिथंच होतो.

दोन वह्या

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. एक रोजकीर्द. दिवसभरात जे व्यवहार झाले ते ज्या क्रमानं झाले त्याच क्रमानं तिच्यात उतरवायचे. दुसरी खतावणी. त्याच नोंदी उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर घालायच्या, म्हणजे कोणाकडे किती येणं, कोणाचं किती देणं हे एका पानावर दिसतं. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की शेटजी खतावणी उघडणार, कीर्द नाही. पण वाद झाला की मात्र कीर्दच काढावी लागते. कारण खतावणी जळाली तर कीर्दीवरून ती पुन्हा लिहिता येते. कीर्द जळाली तर खतावणीतला आकडा उरतो खरा, पण तो बरोबर की चूक हे तपासायचं कशाशी?

ही रीत आपल्याकडे चांगलीच मुरलेली होती. पेशव्यांच्या दप्तरात मोडी लिपीतल्या रोजकीर्दी आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातले उतारे निवडले आणि पुढे ते अनेक खंडांत छापले गेले. आजचा इतिहासकार त्या दैनंदिन नोंदींवरूनच त्या काळातल्या गावाची, वतनाची, वसुलीची स्थिती उभी करतो. तिकडे युरोपात लुका पाचोली या गणितज्ञानं १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात व्यापाऱ्यांची हीच पद्धत मांडली: आधी दैनिक नोंद, मग तिच्यावरून खातं. डेटाबेसवाले ज्याला जर्नल किंवा लॉग म्हणतात ती ही रोजकीर्दच. पडद्यावर आपल्याला दिसतो तो तक्ता म्हणजे खतावणी.

नमुना सहा आणि नमुना सात

आता गावात येऊ. ‘सातबारा’ हा शब्द दोन नमुन्यांचा मिळून झालेला आहे. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख: वावर कोणाचं, किती, त्यावर बोजा काय. गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद. पण नमुना ७ वरचं नाव आभाळातून पडत नाही. ते येतं गाव नमुना ६ मधून. नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली, सोसायटीचं कर्ज चढलं किंवा उतरलं, की त्या वहीत अनुक्रमांकानं एक नोंद पडते. तीच पुढे सातबाऱ्यावर उतरते आणि सातबाऱ्यावरच्या नावाशेजारी तिचा क्रमांक येतो. म्हणजे फेरफार ही कीर्द आणि सातबारा ही खतावणी.

ही व्यवस्था महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये सांगितली आहे. कलम १४९ म्हणतं, ज्याला जमिनीत हक्क मिळाला त्यानं तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावं. (आपल्या वऱ्हाडात जुनी माणसं अजून पटवारीच म्हणतात.) कलम १५० म्हणतं, तलाठ्यानं ते फेरफार नोंदवहीत लिहावं, चावडीवर लावावं, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस द्यावी. हरकतीसाठी पंधरा दिवस. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, म्हणजे नमुना ६-अ मध्ये जातं. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो किंवा नामंजूर करतो.

हस्तलिखित काळातली एक पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. फेरफाराची नोंद घेतली की सातबाऱ्यावर तिचा क्रमांक आधी पेन्सिलीनं टाकायचा. प्रमाणित झाली की शाईनं. बघा, पेन्सिल आणि शाई या दोन गोष्टींत केवढा विचार आहे! ‘कोणीतरी सांगितलंय’ आणि ‘मान्य झालंय’ हा फरक एका नजरेत दिसायचा. डेटाबेसमध्ये याच फरकाला ‘कमिट’ झालेला आणि न झालेला व्यवहार म्हणतात.

आणि जुनं नाव? ते खोडून नाहीसं करायचं नाही. त्याला कंस करायचा. कंसातलं नाव म्हणजे पूर्वी होतं, आता नाही. वाचता मात्र आलं पाहिजे.

एका गटाचा हिशेब

आता फळ्यावर एक कल्पित गट घेऊ. फेरफार नोंदवहीत त्याच्या नोंदी अशा आहेत, असं समजा.

फेरफार २१०, सन १९७४: आजोबांनी ६ हेक्टर जमीन खरेदी केली. प्रमाणित.
फेरफार ३८८, सन १९९१: सोसायटीच्या कर्जाचा बोजा. प्रमाणित.
फेरफार ४५५, सन १९९६: कर्ज फिटलं, बोजा कमी. प्रमाणित.
फेरफार ५३०, सन २००३: आजोबा १९९९ मध्ये मयत. वारस दोन मुलगे, समान हिस्सा. प्रमाणित.
फेरफार ६१२, सन २०११: थोरल्यानं आपल्या हिश्श्यातली १ हेक्टर विकली. प्रमाणित.
फेरफार ६४०, सन २०१४: थोरल्यानं आणखी १ हेक्टर विकली, अशी नोंद. धाकट्याची हरकत. नामंजूर.
फेरफार ७०१, चालू वर्ष: धाकट्यानं घेतलेल्या बँकेच्या कर्जाचा बोजा. प्रलंबित.

प्रश्न असा: आज थोरल्याच्या नावावर किती जमीन आहे?

घाईचा माणूस शेवटची नोंद बघतो. शेवटची ७०१. तिच्यात थोरल्याचं नावच नाही. मग थोरल्याचं नाव असलेली शेवटची नोंद बघू. ती ६४०, पण ती नामंजूर झाली आहे. धरायची नाही. त्याच्या मागे ६१२. ती प्रमाणित आहे, पण ती फक्त ‘१ हेक्टर कमी’ एवढंच सांगते. किती होती आणि किती उरली, हे सांगत नाही. आणखी मागे ५३०. ती म्हणते समान हिस्सा. पण कशाचा? त्यासाठी २१० पर्यंत जावं लागतं. तिथं ६ हेक्टर हा पुरा आकडा सापडतो. आता परत पुढे या. सहाचे दोन वाटे, तीन-तीन. तीनातून एक गेली. उत्तर: २ हेक्टर.

या छोट्या हिशेबातून चार नियम निघतात, आणि जगातल्या कुठल्याही जर्नलला ते लागू पडतात.

पहिला. माग एकेका रकान्याचा घ्यायचा. ‘बोजा आहे का’ याचं उत्तर ४५५ आणि ७०१ देतात. ‘मालक कोण, किती’ याचं उत्तर दुसऱ्याच नोंदी देतात. सगळ्या गटाची मिळून एक ‘शेवटची नोंद’ असं काही नसतं.

दुसरा. मान्य झालेल्या नोंदी तेवढ्या मोजायच्या. नामंजूर सोडायची. प्रलंबित मोजायची नाही, पण सांगायची मात्र. ‘बोजा नाही’ आणि ‘बोजा नाही, पण एक नोंद प्रलंबित आहे’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. जमीन विकत घेणाऱ्याला विचारा, दुसरं उत्तर लपवलं तर काय होतं ते.

तिसरा. नोंदी दोन जातीच्या असतात. एक नोंद पुरी स्थिती सांगते: ‘आता इतकं आहे’. दुसरी फक्त बदल सांगते: ‘इतकं कमी झालं’. पुरी स्थिती सांगणारी नोंद सापडेपर्यंत मागे जायचं, मग तिथून एकेक बदल लावत पुढे यायचं. नोंदी पहिल्या जातीच्या असतील तर काम लवकर होतं. दुसऱ्या जातीच्या असतील तर मधली एकही गहाळ होऊन चालत नाही.

चौथा. वहीप्रमाणे स्थिती काढायची तर क्रम नोंदीच्या अनुक्रमांकाचा धरायचा. घटनेची तारीख वेगळी गोष्ट आहे. आजोबा १९९९ मध्ये वारले, नोंद २००३ ला पडली. आता कोणी विचारलं, ‘२००१ साली जमीन कोणाची होती?’ तर उत्तरं दोन आहेत. वहीप्रमाणे आजोबांची. खरं पाहिलं तर वारसांची. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. म्हणून चांगल्या डेटाबेसमध्ये दोन वेळा जपतात: घटना कधी घडली आणि आपल्याला कधी कळली. या दोहोंची गल्लत झाली की कोर्टात पिढ्या जातात.

संगणक काय करतो

संगणकाला ही कीर्द का लागते, ते आता पाहू. बँकेत एका खात्यातून पाच हजार काढून दुसऱ्यात घालायचे आहेत. पहिल्या खात्यातून कमी झाले आणि तेवढ्यात वीज गेली. पैसे कुठं गेले? यावर उपाय म्हणून एक कडक नियम केला गेला: तक्त्यातला बदल कायमचा उतरण्याआधी त्या बदलाची नोंद जर्नलमध्ये कायमची उतरलीच पाहिजे. आधी कीर्द, मग खतावणी. क्रम उलटा चालणार नाही.

वीज आल्यावर यंत्र काय करतं? आयबीएममध्ये सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘एरीज’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. आजचे कितीतरी डेटाबेस तिच्या वाटेनं जातात. तिच्या तीन पायऱ्या. पहिली, कीर्द वाचून कोणते व्यवहार पुरे झाले होते आणि कोणते अर्धवट होते हे ठरवायचं. दुसरी, जे जे घडलं होतं ते त्याच क्रमानं पुन्हा करायचं, अर्धवटसुद्धा. तिसरी, अर्धवट राहिलेले मागे घ्यायचे. आणि यात आम्हांला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की मागे घेतानाही जुनी नोंद पुसत नाहीत. ‘हे मागे घेतलं’ अशी नवी नोंद लिहितात. आपल्याकडे अपिलात फेरफार रद्द झाला तर काय होतं? त्या आदेशाचा नवा फेरफार पडतो. विचार एकच आहे.

एक शंका तरुण मंडळींना येईल. दरवेळी १९७४ पर्यंत मागे जायचं का? नाही. मध्ये मध्ये मुक्कामाचे दगड असतात. यंत्र ठरावीक वेळानं एक खूण करून ठेवतं, की इथपर्यंतचं सगळं तक्त्यात उतरलं आहे. शिवाय तक्त्याच्या प्रत्येक पानावर एक आकडा असतो: या पानावर अमुक क्रमांकापर्यंतच्या नोंदी लावून झाल्या. पुढच्या तेवढ्या लावायच्या. हा आकडा नसता तर एकच बदल दोनदा लागला असता. थोरल्याचं एक हेक्टर दोनदा वजा झालं तर त्याच्याकडे एकच उरेल!

गंमत अशी, की सातबाऱ्यानंही हेच केलं आहे. २०२० मध्ये सातबाऱ्याच्या नमुन्यात सुधारणा झाल्या. आता त्यावर शेवटचा फेरफार क्रमांक आणि त्याची तारीख छापून येते. फेरफार प्रलंबित असेल तर तसा उल्लेख येतो. जुन्या फेरफारांचे क्रमांक वेगळ्या रकान्यात एकत्र येतात. कमी केलेल्या नावावर आडवी रेघ येते. म्हणजे तो कागद आता नुसतं ‘स्थिती अशी आहे’ म्हणत नाही. ‘अमुक नोंदीपर्यंत पाहिलं तर स्थिती अशी आहे’ असं म्हणतो. हे वाक्य जास्त प्रामाणिक आहे.

नोंद दिसत नाही, याचा अर्थ काय?

आता आम्ही आमच्या घरी येतो, म्हणजे तत्त्वज्ञानात.

थोरल्याकडे २ हेक्टर आहे, असं आपण म्हणालो. कशावरून? नोंदी मोजल्या. पण आपण आणखी एक गोष्ट गृहीत धरली. ६१२ नंतर त्याच्या जमिनीला धक्का देणारं काही घडलेलं नाही. हे कशावरून? तर तशी मान्य नोंद नाही यावरून. म्हणजे नसण्यावरून आपण काहीतरी जाणलं. नसणं हे ज्ञानाचं साधन होऊ शकतं का?

आपल्या परंपरेत यावर शतकानुशतकं वाद झाला. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, होऊ शकतं. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून घडा नाही हे कळतं. या साधनाला नाव आहे अनुपलब्धी, आणि ते सहावं प्रमाण. प्राभाकर मीमांसकांनी हे मानलं नाही. नैयायिक म्हणाले, वेगळं प्रमाण कशाला, अभाव प्रत्यक्षानंच कळतो. अद्वैत वेदान्त्यांनी भाट्टांचं मत घेतलं आणि त्यातली एक अट नीट मांडली. ती अट अशी: घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर घडा नाही असं म्हणता येत नाही. उजेड हवा, डोळे हवेत, नजर तिकडे हवी. याला योग्यानुपलब्धी म्हणतात.

ही अट जर्नलला लावून बघा. ‘नोंद नाही म्हणून बदल नाही’ हे कधी म्हणता येईल? बदल झाला असता तर नोंद पडलीच असती, अशी खात्री असेल तेव्हाच. डेटाबेसमध्ये ही खात्री त्या कडक नियमानं बांधून घेतलेली असते. आधी नोंद, मग बदल. नोंदीवाचून बदल होऊच शकत नाही. खोलीत लख्ख उजेड आहे. म्हणून तिथं नोंदींवरून काढलेली स्थिती ही खरोखरच स्थिती असते. बँकेतली शिल्लक तर नोंदींच्या बाहेर कुठं नसतेच. तिजोरीत आपल्या नावाची वेगळी थैली ठेवलेली नसते.

जमिनीचं तसं नाही. जमिनीत आधी बदल होतो, मग नोंद. माणूस मरतो त्या क्षणी वारसाला हक्क मिळतो. तलाठ्याच्या वहीत नाव आल्यावर मिळतो असं नाही. खरेदीखत निबंधकाकडे नोंदलं जातं, आणि फेरफार त्याच्या मागून येतो. ई-फेरफारमुळे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून माहिती आता आपोआप पुढे जाते, त्यामुळे तिथलं अंतर कमी झालं. पण मृत्यूची खबर, भावाभावांची तोंडी वाटणी, धुरा सरकवून केलेला कब्जा, या गोष्टी आपोआप वहीत येत नाहीत. खोलीत उजेड काही कोपऱ्यांतच आहे.

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून कलम १५७ जपून लिहिलं आहे. अधिकार अभिलेखातली आणि फेरफार नोंदवहीतली प्रमाणित नोंद खरी मानायची, पण उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीर रीतीनं नवी नोंद येईपर्यंत. ‘खरी आहे’ असं म्हटलेलं नाही, ‘मानायची’ असं म्हटलं आहे. सर्वोच्च न्यायालयानंही अनेक निकालांत सांगितलं आहे, की फेरफाराच्या नोंदीनं मालकी निर्माण होत नाही आणि जातही नाही. ती नोंद महसुलाच्या कामासाठी आहे.

बहिणीचं नाव

आता पुन्हा त्या फेरफार ५३० कडे चला. ‘वारस दोन मुलगे.’ आजोबांना एक मुलगीही होती, असं समजा. लग्न होऊन ती मलकापूरकडे दिली. आजी आधीच वारलेली. मृत्युपत्र केलेलं नाही. जमीन आजोबांनी स्वतः खरेदी केलेली. अशा वेळी हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलांइतकीच. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती २००५ ची. पण इथं तिची गरजही नाही. हा हक्क १९५६ पासूनचा आहे.

वहीत मात्र तिचं नाव नाही. तिनं हक्कसोड पत्र करून दिलं असतं तर गोष्ट वेगळी. इथं तसं काही नाही. वारस सांगताना भावांनी नाव सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही, नोटीस तिच्यापर्यंत गेली नाही, पंधरा दिवस सरले, नोंद प्रमाणित झाली.

बघा आता. आपण मघाशी केलेला हिशेब अगदी बिनचूक होता. चारही नियम पाळले होते. उत्तर आलं २ हेक्टर. पण सहा हेक्टरचे वाटे दोन नव्हते, तीन होते. प्रत्येकाचे दोन हेक्टर. थोरल्यानं एक विकली, म्हणजे त्याच्याकडे उरली एक. बहिणीची दोन हेक्टर जमीन वहीत कुठंच नाही. ती दोन्ही भावांच्या आकड्यांत विरघळून गेली आहे. कीर्दीतली एकही नोंद गहाळ नाही, क्रम बरोबर आहे, सह्या आहेत, आता तर डिजिटल स्वाक्षरीही आहे. स्वाक्षरी एवढंच सांगते की हा कागद त्या साठ्यातून जसाच्या तसा आला. साठ्यात काय आलंच नाही, ते ती सांगू शकत नाही.

यातून त्या बहिणीचं काय जातं? ती जमिनीची हकदार असूनही त्या जमिनीवर पीककर्ज मागू शकत नाही. जमीन प्रकल्पात गेली तर मोबदल्याची नोटीस भावांना येते. आणि दरवर्षी जुना होणारा तो कागद अधिकाधिक खरा वाटायला लागतो.

हे दुरुस्त कसं होतं? ५३० फाडून नाही. फेरफाराच्या आदेशाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. मुदत उलटली असेल तर उशिराचं कारण देऊन माफी मागता येते. हिश्श्याचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालय. आदेश झाला की नवा फेरफार पडतो आणि ५३० पासून पुढचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. चुकीची नोंदसुद्धा वहीत राहते. ती राहायलाच हवी. नाहीतर बहिणीचं नाव एकदा वगळलं गेलं होतं, हे उद्या कोणाला कळणार?

मग करायचं काय?

संगणकाचं काम करणाऱ्या मुलामुलींना आमचं सांगणं असं. जर्नलवरून सध्याची स्थिती काढणारा प्रोग्राम लिहाल, तेव्हा उत्तरासोबत तीन गोष्टी द्या: कोणत्या क्रमांकापर्यंतच्या नोंदी धरल्या, प्रलंबित काय आहे, आणि आरंभीची स्थिती कुठून घेतली. आणि स्वतःला एक प्रश्न विचारा. या क्षेत्रात नोंदीवाचून बदल होऊ शकतो का? बँकेचं खातं असेल तर उत्तर वेगळं. गोदामातला माल असेल तर वेगळं. गोदामातली पोती जर्नलला न विचारता उंदीर खातो. म्हणून गोदामात वर्षातून एकदा पोती प्रत्यक्ष मोजतात.

गावकऱ्यांना सांगणं असं. सातबारा हातात आला की नाव आणि क्षेत्र बघून घडी घालू नका. त्यावरचे फेरफार क्रमांक एका कागदावर उतरवा. प्रत्येक फेरफाराची नक्कल मिळते. जुने असतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. नकला क्रमानं लावा आणि आज आपण फळ्यावर केला तसा हिशेब करा. क्षेत्राची बेरीज जुळते का, फिटलेल्या कर्जाचा बोजा खरंच कमी झाला का, हे बघा. फेरफाराच्या नोटिसा ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर दिसतात, तिथं आपल्या गटावर अधूनमधून नजर टाका. वारसाच्या नोंदीवर आलात की थांबा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा: यात कोणाचं नाव यायला हवं होतं आणि आलं नाही?

हातानं लिहिलेले सातबारे संगणकावर घेतले गेले, तेव्हा दोन्ही जुळवून पाहण्यासाठी गावोगाव चावडी वाचन झालं. नोंदी मोठ्यानं वाचायच्या आणि लोकांनी चूक सांगायची. पडद्यावरची वही कागदावरच्या वहीशी यंत्रालाही ताडून पाहता येते. पण दोन्ही वह्यांत नसलेलं नाव समोर बसलेलं माणूसच सांगू शकतं. आणि ते माणूस तिथं बोलावलेलं असावं लागतं. लेकीबाळींना वाचनाला बोलावलं नाही, तर वाचन कितीही मोठ्यानं केलं तरी खोलीतला तो कोपरा अंधारातच राहतो.

पुढच्या व्याख्यानात साक्षीपुराव्याचा विचार करू: दोन वह्या एकमेकींशी जुळत नाहीत, तेव्हा कोणती मानायची आणि का. ज्यांच्याकडे जुने हस्तलिखित उतारे असतील त्यांनी सोबत आणावेत, म्हणजे फळ्यावरच्या कल्पित गटाऐवजी खऱ्या कागदावर बोलता येईल. आता तुमचे प्रश्न घेऊ.